नाशकात आर्निस सुरू करायचंय? काठी, ग्लोव्हज आणि सुजलेल्या बोटांबद्दल थोडं

आर्निस म्हणजे फिलिपिन्समधली काठीने लढायची मार्शल आर्ट. आणि आधीच सांगून टाकतो, मी मास्टर वगैरे अजिबात नाहीये. अंबडला कंपनीत शिफ्ट करतो, आठवड्यातून तीन-चार दिवस गच्चीवर काठ्या फिरवतो आणि रविवारी आम्ही चार-पाच जण मिळून पार्टनर ड्रिल करतो, एवढंच. पण सुरुवातीला मी जेवढा घोळ घातला ना, चुकीच्या काठ्या, चुकीचे ग्लोव्हज, एक अंगठा महिनाभर पट्टीत, तो तुम्ही घालू नये म्हणून हे लिहितोय. सामान आधी आणि सराव नंतर असं माझं झालं होतं, ते उलटं पाहिजे होतं.

१. हे नक्की आहे काय ते आधी समजून घ्या

आर्निस, एस्क्रिमा, काली अशी तीन नावं तुम्हाला दिसतील. गोंधळून जाऊ नका, ढोबळमानाने एकाच घरातली भावंडं आहेत. फिलिपिन्सवर तीनशेच्या वर वर्षं स्पेनचं राज्य होतं त्यामुळे बरेचसे शब्द स्पॅनिश वळणाचे, एस्क्रिमा हे नाव तलवारबाजीसाठीच्या 'एसग्रिमा' या स्पॅनिश शब्दावरून आलेलं, वार मोजायचे तेही उनो, दोस, त्रेस असे. काठीला बास्टन म्हणतात. २००९ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय मार्शल आर्ट ठरवलं, म्हणजे आपल्याकडे कोणी 'हे काय नवीन फॅड' म्हटलं तर एवढं सांगून गप्प करता येतं.

घराणी मात्र बरीच आहेत. तिथल्या सेबू शहरातलं दोसे पारेस १९३२ चं, त्याच शहरात वेनान्सिओ बेकन यांनी १९५२ मध्ये काढलेलं बालिंतावाक, ज्यात एकच काठी आणि एकदम जवळून मारामारी. मग रेमी प्रेसास यांचं मॉडर्न आर्निस. प्रेसास यांची एक गोष्ट मला फार आवडते. जुन्या पद्धतीत समोरच्याच्या काठी धरलेल्या हातावरच मारायचे, सापाचे दात काढले की साप कशाला चावतोय असा हिशोब. पण त्यामुळे शिकणारी पोरं हात सुजवून घरी बसायची आणि परत यायचीच नाहीत, म्हणून प्रेसास यांनी सरावात हाताऐवजी काठीवर काठी मारायला लावली. पुढे ग्लोव्हजबद्दल जे सांगणार आहे ते यावरूनच लक्षात येईल, या आर्टमध्ये पहिलं टार्गेट तुमची बोटं आहेत.

आणि काठी ही फक्त काठी नाही, बऱ्याच ठिकाणी ती पात्याच्या जागी धरलेली असते. म्हणून समोरच्याची काठी तशीच गच्च पकडली की सर ओरडतात, 'पातं असतं तर बोटं खाली पडली असती!'

२. शिकवणारा शोधा, पण डोळे उघडे ठेवून

नाशकात व्यायामशाळांची कमी नाही, कराटे-तायक्वांदोचे क्लास तर गल्लोगल्ली. पण फक्त आर्निस शिकवणारा मिळणं अवघड. बऱ्याचदा कराटेच्याच सरांनी कुठेतरी सेमिनार केलेलं असतं आणि ते शनिवारी एक तास 'स्टिक' घेतात. त्यात वाईट काही नाही, फक्त जाऊन हे विचारा: कोणत्या घराण्याचं शिकवता, स्वतः कोणाकडे शिकलात आणि अजून शिकताय का, पार्टनर ड्रिल किती असतं. आणि एक तास नुसतं बसून बघा. सगळा वेळ काठी गरागरा फिरवणंच चाललं असेल, म्युझिक लावून, तर ते डेमोसाठीचं आहे. पहिल्याच दिवशी नवीन पोराला फुल ताकदीने उभं करत असतील तर तिथूनच परत फिरा.

माझा ट्रॅप म्हणजे दोन दिवसांचं शिबिर. शनिवार-रविवार, शेवटी इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट, फ्रेममध्ये लावण्याजोगं. कुठलं शिबिर ते जाऊ द्या. सोमवारी मी गच्चीवर उभा राहिलो तर मला ठरलेल्या बारा वारांपैकी पाचवा कोणता तेही आठवेना आणि कागदावर मात्र मी इन्स्ट्रक्टर!

शिकवणारा नाहीच मिळाला तर दोघं-तिघं मित्र मिळून व्हिडिओवरून सुरुवात होते, होत नाही असं नाही. पण घराणं एकच पकडा. तीन वेगवेगळ्या चॅनलवरचे बारा वार बघितले तर तीन वेगवेगळे क्रम दिसतील आणि डोक्याचा भुगा होईल. मग वर्षातून एकदा-दोनदा मुंबई-पुण्याकडे चांगलं सेमिनार असलं की जाऊन चुका काढून घ्यायच्या.

लाठीकाठी येत असेल तर फायदा आहे का? पायांना आणि मनगटाला नक्कीच आहे. पण लाठीची लांबी वेगळी, दोन हातांची पकड वेगळी. इथे एका हातात काठी असते आणि मोकळा हात, त्याला लाइव्ह हँड म्हणतात, तो सतत काहीतरी करत असतो, समोरच्याचं मनगट दाब, कोपर ढकल. लाठीवाल्यांचा तो हात सुरुवातीला नुसता लोंबकळतो.

३. काठी: बांबू नको, वेत घ्या

हा मुद्दा नीट वाचा. मी पहिले अडीच महिने बांबू वापरला. कारण सरळ, बांबू कुठेही मिळतो, आणि दिसायला तर सारखाच. एका संध्याकाळी गच्चीवर मी आणि माझा मावसभाऊ सहा ठोक्यांचं ड्रिल करत होतो, खट खट खट चाललेलं छान, आणि अचानक आवाज बदलला, खटच्या जागी फट्ट. त्याची काठी उभी चिरली आणि चाकूसारखी एक धार असलेली चिप माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पाण्याच्या टाकीवर आपटली. दोघंही काहीच बोललो नाही. त्याने काठी हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "भो, डोळा गेला असता."

बांबू आतून पोकळ असतो, फुटला की उभा चिरतो आणि चिपा उडतात. वेत आतून भरीव आणि तंतूंचा. मार खाऊन खाऊन तो झाडूसारखा पिंजारतो, पण सहसा तुकडे उडत नाहीत, आणि जड लाकडापेक्षा हलकाही असतो. म्हणून फिलिपिन्समध्ये सरावाला वेतच. शिसवी-सागवानी काठी बनवून घेतो म्हणणारे भेटतात, तिकडेही कामागोंग नावाच्या जड लाकडाच्या काठ्या असतात, पण असल्या जड काठीने पार्टनरबरोबर खेळायचं नाही, हाड मोडेल.

वेत आपल्याला काही नवा नाही. जुन्या मास्तरांची छडी कशाची होती? आणि दोरीच्या मल्लखांबाच्या आधी वेताचाच मल्लखांब होता, तसा वेत मिळेना म्हणून दोरी आली. मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधर वणीच्या गडावर साधना करायचे असं सांगतात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, असो, विषय भरकटला.

वेत मिळवायचा कसा: ऑनलाइन तयार जोडी मिळते, पण फोटोत सरळ आणि हातात वाकडी असं माझ्या एका जोडीचं झालं. दुसरा रस्ता वेताचे सोफे-झोपाळे बनवणाऱ्याकडे जायचं. त्याच्याकडे विणायचा बारीक वेत असतो तो नाही, फ्रेमला वापरतात तो जाड वेत मागायचा. मी गेलो तेव्हा त्याने आधी विचारलं, "पोराला मारायला पाहिजे का?" मग सगळं समजावल्यावर उरलेल्या तुकड्यांतून चार काठ्या कापून दिल्या, दोन मिसळींच्या पैशात.

घेताना हे बघा:

- लांबी २६ ते २८ इंच. काठीचं एक टोक बगलेत धरा, दुसरं मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आलं की झालं तुमचं माप.
- जाडी साधारण १ इंच. हात लहान असेल किंवा मुलांसाठी हवी असेल तर पाऊण इंच.
- गाठी जवळजवळ असलेला तुकडा चांगला. लांब लांब पेरांचा वेत लवकर खराब होतो.
- फरशीवर लोळवून बघा, उड्या मारत गेली तर वाकडी. थोडा बाक असेल तर गॅसवर लांबून शेकून गुडघ्यावर दाबून काढता येतो, पण घाई केली की काळा डाग पडतो (माझ्या दोन्ही काठ्यांवर आहे, आता डिझाइन म्हणून सांगतो).
- बारीक भोकं आणि पिठासारखी पूड दिसली तर कीड आहे, फुकट दिली तरी घेऊ नका.
- वरची चकचकीत साल असलेली काठी जास्त टिकते पण सालीचे टवके हाताला लागतात, सोललेली एकसारखी असते. नवीन माणसाने सोललेली घ्यावी असं माझं मत.

एकदम चार घ्या. दोन तुमच्या, दोन पार्टनरला, कारण पार्टनर कधीच काठी घेऊन येत नाही.

४. काठी तयार करणं

कापलेली टोकं पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर तळहातात रुततात. मग जवसाचं तेल कापडाने पुसून दोन दिवस सावलीत ठेवायची. नाशिकची थंडी कोरडी, तेलाशिवाय वेत पार सुकतो आणि मग लवकर पिंजारतो. पावसाळ्यात उलटं, बुरशी धरते, तेव्हा काठ्या बॅगेत कोंबून ठेवू नका.

जिथे ठोका बसतो त्या वरच्या सहा-सात इंचांवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा, आयुष्य वाढतं. पकडीच्या जागी टेप नको, मे महिन्यात डिंकासारखी चिकटते. पकडायला बॅडमिंटनचं ग्रिप लावतात काही जण, मी नाही लावत, घाम आला की उघडा वेतच बरा वाटतो.

५. पहिले तीन महिने, जवळजवळ फुकटात

या काळात काठ्या सोडून फक्त एकच गोष्ट विकत घ्या, डोळ्यांचा चष्मा. सातपूर-अंबडकडे इंडस्ट्रियल सेफ्टीचं सामान मिळतं तिथे पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल स्वस्तात येतो. ग्राइंडिंगला वापरतात तोच. एकट्याने करत असाल तरी घाला, काठी हातातून सुटून भिंतीवरून परत येते हे तुम्हाला लवकरच कळेल.

पकड: खालून साधारण एक मूठ जागा सोडा, त्या खालच्या टोकाला पुन्यो म्हणतात, जवळून मारायला तेही वापरतात. अंगठा काठीवर लांब पसरवायचा नाही, बोटांवर आणून बंद करायचा. लांब ठेवलेला अंगठा म्हणजे समोरच्याला आमंत्रण, माझा त्यातच गेला.

मग बारा वार. आम्ही जे शिकलो त्यात पहिला आणि दुसरा दोन्ही कानशिलांवर, पाचवा पोटात खुपसायचा, बारावा सरळ डोक्यावरून. हवेत रोज प्रत्येक वार वीस वेळा, हळू. जोरात नाही. हवेत जोरात मारून मारून कोपर धरतं आणि मग चहाचा कप उचलतानाही कळ येते.

पाय: फरशीवर खडूने त्रिकोण काढा आणि त्याच्या रेषांवर पुढे-मागे चाला. सगळ्यात बोअर भाग हाच, आणि सगळे टाळतात तोही हाच.

मग दोन काठ्यांचं सिनावाली. तिकडे घराच्या भिंतीला बांबूचे विणलेले तट्टे लावतात त्यांना सवाली म्हणतात, त्यावरून हे नाव, दोन काठ्या हवेत विणल्यासारख्या जातात म्हणून. पहिला आठवडा हात एकमेकांत अडकतील, स्वतःच्याच कोपरावर मार बसेल. नंतर हेवन सिक्स, प्रत्येक हाताचे तीन असे सहा ठोके, सगळे वरून. ते एकदा बसलं की लय अशी लागते की थांबावंसं वाटत नाही. आमच्या शेजारच्या काकू खालून ओरडल्या होत्या, "अरे नवरात्राला वेळ आहे अजून, आत्तापासून टिपऱ्या?" आणि खरं सांगू का, टिपऱ्या खेळलेल्यांना सिनावाली पटकन येतं. माझी बायको दोन संध्याकाळीत शिकली, मला तीन आठवडे लागले.

जोरात मारायची खाज असेल तर पंक्चरवाल्याकडून स्कूटरचं जुनं टायर आणा, गच्चीवरच्या खांबाला बांधा. रबर काठी परत फेकतं, मनगटाची चांगली परीक्षा होते. खांबावर किंवा झाडावर थेट मारू नका, काठीही जाते, मनगटही जातं, आणि झाडाने तुमचं काय वाकडं केलंय?

६. मग गिअर, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

हात पहिले. आपल्याकडे हाताशी असतात क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्हज, आणि हलक्या ड्रिलला ते चांगले चालतात. पण बघून घ्या: बोटांच्या टोकापर्यंत पॅडिंग आहे का, अंगठ्याला बाजूने कव्हर आहे का, आणि घालून काठी पूर्ण मुठीत येते का. दुकानात काठी घेऊन जा सरळ, लाजू नका. मी न बघता महागडे घेतले, एवढे फुगीर की मूठच बंद होईना, काठी दोनदा उडाली. बॉक्सिंगचे तर विचारूच नका, त्यात काठी धरताच येत नाही. जास्त जोरात खेळायचं असेल तर बाहेर लोक आइस हॉकीचे किंवा लॅक्रोसचे ग्लोव्हज वापरतात, ते इथे मागवावे लागतात.

डोकं. इथे जीव तोडून सांगतो, क्रिकेटचं हेल्मेट घालून स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोरची मोकळी लढत, करू नका. सगळ्यांना वाटतं जाळी आहे ना पुढे, झालं. पण ती जाळी बॉलच्या मापाची आहे. बॉल आत जाऊ नये एवढीच फट असते, काठी एक इंचाची, ती त्या फटीतून आरामात आत येते, आणि तीही थेट डोळ्याच्या रेषेत. घरी हेल्मेट असेल तर स्वतः काठी घालून बघा, पटेल. तलवारबाजीचा मास्क पुढून छान, पण डोक्याचा मागचा भाग उघडा आणि वरून बसणाऱ्या दणक्यासाठी तो बनलेला नाही. एस्क्रिमाच्या स्पर्धांमध्ये पॅडिंगवालं पूर्ण हेल्मेट आणि बारीक लोखंडी जाळी असते, खाली लांब पॅडेड जॅकेट. ते येईपर्यंत डोक्यावरचे वार हळू ड्रिलमध्येच ठेवा, तेही फक्त दाखवायचे.

बाकी: कोपराला क्रिकेटचं आर्म गार्ड, नडगीला फुटबॉलचं शिन गार्ड, गुडघ्याला साधं नी पॅड, आणि मुलांनी खालचं गार्ड विसरू नका, वार क्रमांक पाच लक्षात आहे ना.

फोमची काठी घरी बनते. एसीच्या पाइपवर जो काळा फोमचा पाइप चढवतात तो घ्या, आत पातळ वेत घाला, वरून कापडी टेप. टोकाला फोम दोन इंच पुढे सोडून दुमडून घट्ट बांधा, कारण आतला वेत टोकातून बाहेर आला की खुपसताना तोच लागतो. आत प्लॅस्टिकचा पाइप घालू नका, थंडीत तडकतो. आणि फोम आहे म्हणून चष्मा काढायचा नाही.

चाकूचे ड्रिल सुरू झाले तर रबरी किंवा लाकडी. 'बोथट करून घेतलाय' म्हणून कोणी खरा सुरा आणला तर त्या दिवशी सराव बंद, चहा प्यायला चला.

७. पार्टनरबरोबरचे नियम

आमच्याकडे तीनच आहेत. पहिला, स्पीड कमी असलेला ठरवतो, जास्त असलेला नाही. दुसरा, काठीवर दोनदा टकटक म्हणजे थांब, लगेच, वाक्य पूर्ण न करता. तिसरा, हातावर लागलं तर तो राऊंड संपला, बदला नाही. हा तिसरा नियम माझ्या अंगठ्यानंतर आला. मला लागलं, मी चिडून जोर वाढवला, त्याने वाढवला, आणि चौथ्या ठोक्याला अंगठ्याचं नख काळं. बर्फ लावून बसलो, दुसऱ्या दिवशी अंगठा वाकेना तेव्हा एक्स-रे काढला, बारीक क्रॅक. सूज आली, वाकत नाहीये, दाबलं की हाडावर दुखतंय, असं काही असेल तर माझ्यासारखं थांबू नका, हळद लावून क्रॅक भरत नाही.

८. कुठे करायचं आणि पोलिसांचं काय

गच्ची सगळ्यात बरी, पण सकाळी साडेसहाला खटखट केली तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा विषय निघणार. फोमच्या काठ्या तेव्हा वापरा. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळं असतं, त्रिकोणात चालताना मी एकदा सरळ चौकोनी पडलोय. मैदानावर जायचं तर गोल्फ क्लबसारख्या ठिकाणी सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, कडेची मोकळी जागा बघा आणि लहान मुलं जवळ आली की काठ्या खाली.

आता महत्त्वाचं. सणवार, निवडणुका, मोर्चे असले की पोलीस आयुक्तालयाकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, पेपरात छोटी बातमी येते. त्यात शस्त्रांबरोबर काठ्या-लाठ्या बाळगायलाही बंदी असते. २०२७ च्या सिंहस्थाच्या दिवसांत तर बंदोबस्त कडकच असणार. तेव्हा:

- बाइकला काठ्या उघड्या अडकवून फिरू नका, बॅडमिंटनच्या लांब किटबॅगमध्ये बसतात.
- क्लासचं ओळखपत्र किंवा फीची पावती असेल तर बॅगेतच ठेवा, आणि स्वतःचं आयडी.
- मनाई आदेश चालू असताना बाहेर नेऊच नका, कागदपत्रं दाखवून आदेशातून सुटका होत नाही. तेवढे दिवस घरात त्रिकोण चाला.

आम्हाला एकदा हवालदार काकांनी थांबवलं होतं, बॅगेतून टोकं बाहेर दिसत होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "दाखव बरं काय करता ते." रस्त्याच्या कडेला सिनावाली करून दाखवलं. त्यांनी काठी हातात घेतली, तोलून बघितली, आणि म्हणाले, "आमचीपेक्षा हलकी आहे." मग चेन नीट लावायला सांगून सोडलं. प्रत्येक वेळी असं होईल असं धरून चालू नका.

९. काठी टाकायची कधी

सरावाआधी टेपवरून हात फिरवा. एखादी जागा मऊ लागली, वाकवल्यावर करकर आवाज आला, किंवा ठोक्याचा आवाज खट ऐवजी थप येऊ लागला की ती पार्टनर ड्रिलमधून बाद. टायरवर महिनाभर अजून चालते. त्यानंतरच्या आमच्या घरातल्या काठ्या आई घेऊन जाते, दोन कुंड्यांमध्ये टोमॅटोला आधार म्हणून उभ्या आहेत आणि एक गोधड्या झटकायला, आणि तिचा पहिला नंबरचा वार माझ्यापेक्षा सरळ बसतो.